माझ्या नावाची बाटली

किडनीचा आजार झालेल्या माणसानं सगळ्यात आधी काय करावं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, लाज सोडावी. औषध, पथ्यपाणी सगळं त्याच्या मागनं. मी लाज सोडली नाही, म्हणून पाठीत सुई घालून घ्यायची वेळ माझ्यावर आली होती आणि एका पोरीची नोकरी जायची वेळ आली होती. दोन्ही टळलं. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, आजोबा, हे लिहून काढा, नवीन पेशंटला वाचायला देऊ. म्हणून बसलोय लिहायला.

मी चौथी शिकलेला गुळव्या. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळत असतो, त्याचा गूळ नेमका कधी झाला ते ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, दोन बोटांत धरून बघायचा आणि "उतरवा" म्हणायचं. जरा उशीर झाला तर गूळ करपतो, जरा घाई झाली तर पातळ राहतो. हे काम मी जन्मभर केलं. लिहायचं काम कधी केलं नाही. माझी लेक शालन, तिनं वेलांट्या तपासल्यात. वाक्यांना हात लावू दिला नाही.

माझी बायको हौसा. तिला जाऊन दीड वर्ष झालं. आजारपण माझं असलं तरी ह्यात तीच जास्त येणार. त्याला माझा इलाज नाही.

सर्व्हे

आमचं गाव गारगोटीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. आठ-नऊ वर्षांमागं तिथं सर्व्हे आला. बीपी, साखर, किडनी, हार्ट, असले हळूहळू खाणारे आजार कुणाला होतात, कशानं होतात, ते बघायला आसपासची गावंच्या गावं त्यांनी धरली होती. ते औषध देत नाहीत. दरवर्षी त्याच माणसाकडं यायचं, तेच प्रश्न विचारायचे, वजन घ्यायचं, कंबर मोजायची, बीपी बघायचं, सकाळच्या पहिल्या लघवीची बाटली न्यायची. किती वर्षं येणार, विचारलं तर म्हणाले वीसेक वर्षं. मी म्हटलं, म्हणजे मरस्तवर म्हणा की. चावडीत सगळे हसले. साहेबपण हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

आमच्या आळीला वर्षा नावाची पोरगी आली. शेजारच्या गावची सून, बारावी झालेली, खांद्याला निळी पिशवी. मला मामा म्हणायची, हौसाला मामी. हौसाला ती पहिल्या दिवसापासून आवडली. सर्व्हेचा प्रश्न असायचा, आठवड्यातून भाजी किती वेळा खाता. हौसा त्याचं उत्तर द्यायला भाजी कुठल्या रानातली, कुणी आणून दिली, कशी केली, तिथनं सुरू करायची. वर्षा फॉर्म मांडीवर ठेवून ऐकत बसायची.

सर्व्हे यायचा हिवाळ्यात. हिवाळा म्हणजे गुऱ्हाळाचा हंगाम. मी त्या चार महिन्यांत गुऱ्हाळावरच राहायचो, अमावस्येला गुऱ्हाळ बंद असतं तेवढं घरी यायचो. वर्षा मग अमावस्या बघून परत यायची आणि माझं बीपी, वजन घेऊन जायची. रक्त द्यायला सात वर्षांत दोनदा शाळेत बोलावलं, ते मी दोन्ही वेळा टाळलं. राहिली बाटली.

पहिल्या वर्षी वर्षा आदल्या दिवशी दोन रिकाम्या बाटल्या ठेवून गेली. एकीवर हौसाचं नाव, एकीवर माझं. मी तर गुऱ्हाळावर. सकाळी ती न्यायला आली, तेव्हा हौसानं दोन्ही भरून दिल्या. दोन्ही तिच्याच. वर्षाला वाटलं, मी रात्री घरी येऊन पहाटे परत गेलो असणार.

अमावस्येला घरी आलो तेव्हा जेवायला वाढता वाढता तिनं मला सांगितलं, "अवो, तुमची बाटलीबी दिली बगा."

"माझी? मी कुठं हुतो?"

"मग काय रिकामी देऊ? कुणाचं भांडं कवा रिकामं परत दिलंय का आपण?"

आमच्यात ही रीत आहेच. शेजारणीनं वाटीतनं कालवण दिलं तर वाटी परत देताना त्यात काहीतरी घालून द्यायचं. काही नसलं तर गुळाचा खडा घालायचा. हौसानं जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही. तिनं बाटलीलाही तोच कायदा लावला. वर त्या पोरीला साहेब बोलतात, बाटली राहिली की तिच्या नावापुढं फुली पडते, हे तिनं वर्षाकडूनच काढून घेतलेलं.

मी म्हटलं, अगं पण ती तपासणार माझी म्हणून. तर म्हणाली, "एका चुलीवरचं खातोय दोघं. तुमच्यात काय येगळं निघणार हाय?"

मला ते पटलं. खरंच पटलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण हसणारे हसतील. आम्हाला त्यात खोटं काही वाटलंच नाही.

महिन्यानं छापील कागद आला. माझ्या नावावर लघवी एकदम चांगली. मी तो कागद खिशात घालून गुऱ्हाळावर नेला आणि चुलवाणात जाळ घालणाऱ्या गड्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना दाखवला. दरवर्षी हेच. दरवर्षी हौसा मला तो कागद देताना म्हणायची, "घ्या. माझ्या जिवावर ठणठणीत हाय तुमी."

सात वर्षं असं चाललं.

शेवटचा फॉर्म

हौसा गेली ती अचानक. गोठ्यात म्हशीची धार काढता काढता एका बाजूला कलंडली. तिला बीपी होतं, सर्व्हेनंच काढलेलं, गोळ्या चालू होत्या. पण मेंदूत रक्त आलं. कोल्हापुरात दोन दिवस होती. बोलली नाही.

चार महिन्यांनी वर्षा आली. चहा घेतला नाही. पिशवीतनं एक जाड फॉर्म काढला आणि तसाच हातात धरून बसली. म्हणाली, मामा, सर्व्हेतलं माणूस गेलं की घरच्यांना विचारावं लागतं. कसं झालं, काय काय होत होतं. आज नको असलं तर परत येते.

मला राग आला. मी म्हटलं, बाई गेली माझी आणि तुमचा फॉर्म राहिलाय व्हय अजून. ती उठली नाही. मग मीच म्हटलं, विचार.

ताप होता का. खोकला होता का. शेवटच्या आठवड्यात डोकं दुखतं म्हणाल्या होत्या का. म्हणाल्या होत्या. मी ओवा घे म्हटलं होतं. ते मी सांगितलं, तिनं लिहिलं. फॉर्मच्या शेवटी एक कोरी जागा असते, घरच्या माणसानं आपल्या शब्दांत काय झालं ते सांगायचं. तिथं मी बोलायला लागलो आणि थांबेना. धारेपासून सुरू केलं आणि लग्नाला गेलो. तिच्या बापाच्या घरी पहिल्यांदा मला वाढलेलं ताट, तिनं एकटीनं राखलेली म्हैस, शालनच्या वेळी झालेला त्रास. वर्षानं जागा संपली तशी समासात लिहिलं, समास संपला तसं मागच्या बाजूला लिहिलं. तिथं हे सगळं लागत नाही हे तिला माहीत असणार. तरी लिहिलं.

जाताना म्हणाली, "मामा, मामींचं सगळं नीट गेलं बघा फॉर्मात."

ते वाक्य माझ्या मनात बसलं. आमच्यासारख्यांचं कुठं काय लिहून राहतं? हौसाचं एक राहिलं होतं आणि ते नीट राहिलं होतं.

माझी पहिली बाटली

त्या हिवाळ्यात मी गुऱ्हाळावर गेलो नाही. मालक दोनदा आला. पण पाक बोटांत धरायला मन थाऱ्यावर लागतं. घरीच होतो. वर्षा बाटली ठेवून गेली, ह्या वेळी एकच. मी ती भरून दिली. जन्मात पहिल्यांदा.

पाय सुजत होते, ते मी बसून राहिल्यामुळं म्हणत होतो. लघवीला फेस येत होता, तो तर कुणाला सांगायचा?

महिन्यानं कागदाऐवजी वर्षाच आली आणि चिठ्ठी हातात दिली. ताबडतोब कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. शालन कोल्हापुरातच दिलेली, ती दुसऱ्या दिवशी जावयाची गाडी घेऊन हजर. माझा सगळा कागदांचा गठ्ठा तिनं ट्रंकेतनं काढून बरोबर घेतला. घेऊ नको म्हणायला मला कारण सुचलं नाही.

किडनीच्या डॉक्टर म्हणजे तरुण बाई होत्या, शालनपेक्षाही लहान. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. मग समोर बसवून सरळ सांगितलं, "आजोबा, तुमच्या दोन्ही किडन्या निम्म्याहून कमी काम करतायत. साखरही आहे." शालननं माझा हात धरला. मला त्या वेळी भीती वाटली नाही. मला वाटलं, हौसाला हे घरी जाऊन कसं सांगायचं. आणि मग ध्यानात आलं.

डॉक्टर सर्व्हेचे कागद चाळत होत्या. एकेक बघत जात होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी चढत होती. म्हणाल्या, हे मला जुळत नाही. सात वर्षं लघवी अगदी स्वच्छ आणि आठव्या वर्षी एवढी खराब. साखरेनं किडनी जाते ती हळूहळू जाते. अशी एकदम जात असेल तर दुसरा काहीतरी आजार असणार, आणि तो असला तर त्याला कडक औषधं द्यावी लागतील. त्यासाठी किडनीचा तुकडा काढून बघायला लागेल. पाठीतनं सुई घालून. तुमच्या वयाला रक्तस्राव व्हायचा धोका आहे, पण दुसरा मार्ग दिसत नाही. कारण हे कागद.

मला तिथंच सगळं कळलं. मी एक वाक्य बोललो असतो तर मिटत होतं. पण ते वाक्य काय होतं? माझ्या बायकोनं सात वर्षं खोटी बाटली दिली. जिचं सगळं नीट लिहून राहिलंय म्हणून मी इतके दिवस उभा होतो, तिच्या नावापुढं मीच आता खोटारडी म्हणून लिहायचं? मी गप्प बसलो. म्हटलं, घालू दे सुई.

वॉर्ड

नवीन पेशंटसाठी थोडं वॉर्डाचं लिहितो.

पाणी मोजून देतात. सकाळी सिस्टर बाटली भरून ठेवते, संध्याकाळपर्यंत तेवढंच. घोट घोट घ्यायला शिका, तोंडात धरून ठेवा. मीठ नाही. पहिल्या दिवशी आमटी तोंडात घातली तर वाटलं, भांडी धुतलेलं पाणी आहे. कॉटखाली एक पांढरा कॅन असतो, दिवसभराची लघवी त्यात साठवायची, तीपण मोजतात. मी तो कॅन बघितला आणि हौसाची आठवण येऊन हसलो. शालन म्हणाली, आबा, हसताय काय? मी म्हटलं, काय न्हाय.

माझ्या शेजारच्या कॉटवर हुपरीचा एक चांदीकाम करणारा होता. पैंजणांना घुंगरं जोडून जोडून डोळे बारीक झालेला, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायला जायचा. मी गुळव्या म्हणून कळल्यावर म्हणाला, "पावणं, सगळ्या जिल्ह्याचं तोंड गोड केलासा, आता भोगा."

मी म्हटलं, "तुमी घुंगरं चाखत हुतासा काय मग? तुमाला कशानं झालं?"

तो एवढा हसला की सिस्टर धावत आली. तो मशीनवरनं आला की राखेसारखा दिसायचा, पण तासाभरात गप्पा सुरू. मशीनला घाबरू नका, हे मी त्याच्याकडं बघून शिकलो. मला अजून ते लागलेलं नाही. लागलं तर जाईन.

शालन माझ्याजवळ असायची. आमचं भांडण झालं ते तिसऱ्या दिवशी. मी मीठ नसलेली भाजी बाजूला सारली आणि तिचा तोल गेला. म्हणाली, "आई होती तवर आईनं सांभाळलं तुमाला. तुमी स्वतःकडं कधी बघितलासाच न्हाई. आता मी एकटी कुठं कुठं बघू? आई गेली त्याचं मला काय वाटत न्हाई व्हय?" आणि तिथंच पिशवीत तोंड घालून रडली. हौसा गेल्यापासून मी माझ्याच दुःखावर बसून होतो. पोरीची आई गेली होती, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी भाजी ओढून घेतली आणि सगळी खाल्ली. तेवढंच जमलं.

वर्षा

सुई उद्या सकाळी, असं ठरलं. दुपारी सहीचा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी धोके परत वाचून दाखवले, संध्याकाळपर्यंत सही करून ठेवा म्हणाल्या. पेन माझ्या उशाशी ठेवलं.

तेवढ्यात वर्षा आली. निळी पिशवी नव्हती खांद्याला. दोन एसटी बदलून आलेली, तोंड सुकलेलं. शालननं तिला स्टुलावर बसवलं. माझी चौकशी केली आणि मग एकदम म्हणाली, "मामा, खरं सांगा. माझं कुठं चुकलंय का?"

मी म्हटलं, तुझं काय चुकायचंय?

तर तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सर्व्हेच्या ऑफिसला विचारलं होतं, सात वर्षांचे हे निकाल बरोबर आहेत का. ऑफिसनं वर्षाला बोलावलं. बाटल्यांची अदलाबदल केलीस का, घरी न जाताच कुठनं तरी भरून आणल्यास का, लेखी दे. आणि तिच्या सगळ्या घरांची आठ वर्षं आता संशयात.

"मी रात्रंदिवस आठवतीया मामा. एखाद्या वेळी गडबडीत लेबल चुकलं असंल. पण सात वर्षं चुकंल का? आणि माझ्या चुकीनं तुमचा आजार इतकी वर्षं दडून राहिला असला तर…"

मी तिच्याकडं बघत होतो. हौसानं बाटली भरली होती ती कुणासाठी? ह्या पोरीला बोलणी बसू नयेत म्हणून. आणि आता त्याच बाटलीपायी ती स्टुलावर बसून रडत होती आणि मी हौसाचं नाव राखतोय म्हणून गप्प होतो. हौसा तिथं असती तर तिनं माझी कड घेतली असती काय? तिनं मला उभं राहू दिलं नसतं.

मी म्हटलं, "पोरी, तुझं काय चुकल्यालं न्हाई. त्या बाटल्या माझ्या नव्हत्या. तुझ्या मामीच्या हुत्या."



मग मी सगळं सांगितलं. गुऱ्हाळ, अमावस्या, रिकामं भांडं, एक चूल. सांगताना माझा आवाज चढला, कारण माझा आवाज चढतोच, आणि अर्ध्या वॉर्डानं ऐकलं. हुपरीचा पावणा कॉटवर उठून बसला.

आधी शालन हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. म्हणाली, "आईच करणार हे. दुसरं कोण करंल?" वर्षाला हसावं का रडावं कळेना. हुपरीवाला म्हणाला, "पावणं, बायको लई भारी हुती की तुमची." मी म्हटलं, व्हय.

वर्षा डोळे पुसून म्हणाली, "मामा, हे मला ऑफिसात सांगावं लागंल. चालंल?"

मी म्हटलं, तू कशाला सांगतीस, मीच सांगतो. आधी त्या बाईंना बोलवा.

डॉक्टरीणबाई आल्या, उभ्या उभ्या ऐकलं आणि सहीचा कागद उशाखालनं काढून घेतला. रागावल्या नाहीत असं नाही. म्हणाल्या, "आजोबा, उद्या सकाळी मी तुमच्या पाठीत विनाकारण सुई घालणार होते. रक्त थांबलं नसतं तर?" मी खाली मान घातली. मग त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर साखरेच्या जुन्या खुणा निघाल्या. म्हणजे साखर बरीच वर्षं होती, आणि किडनी हळूहळूच गेली होती. सुई रद्द झाली. गोळ्या, इन्सुलिन, पथ्य. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळायचं.

खोडलेल्या ओळी

घरी सोडायच्या आदल्या दिवशी सर्व्हेचे मोठे सर स्वतः आले. सडपातळ माणूस, पुस्तकी बोलणं. मी म्हटलं, आता हे हौसाचं काय करतात बघू. रिपोर्ट कळला तेव्हा वाटली नव्हती, ती भीती आता वाटली.

त्यांनी लॅपटॉप मांडीवर उघडला. म्हणाले, आजोबा, तुमच्या नावावरचे ते सात वर्षांचे लघवीचे निकाल काढून टाकावे लागतील. ते तुमचे नाहीत. मी म्हटलं, काढा. आणि तिचे?

"त्यांचे राहतील. ते खरेच आहेत."

मी म्हटलं, खोटं बोलली म्हणून लिवणार न्हाई न्हवं कुठं?

त्यांनी आकडे उघडले. मग लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. दोन ओळी होत्या, एक तिची, एक माझी, आकडे ओळीनं. मला आकडे वाचता येतात. दरवर्षी दोन्ही ओळींत जवळजवळ तेच. ते म्हणाले, आमची प्रयोगशाळा नीट काम करते का, हे तपासायला आम्ही एकाच माणसाचा नमुना दोन वेगळ्या नावांनी पाठवतो. प्रयोगशाळेला न सांगता. दोन्ही उत्तरं सारखी आली तर भरवसा ठेवायचा. तुमच्या पत्नीनं सात वर्षं हेच केलंय, फक्त आम्हालापण न सांगता.

मी विचारलं, म्हणजे वाया गेलं न्हाई?

"नाही. पण तुमची वर्षं वाया गेली, ते विसरू नका."

चांगला माणूस. गोड बोलून सोडलं नाही. मी त्यांना विचारलं, एवढ्या गावांतली एवढी माणसं वर्षानुवर्षं मोजून तुम्हाला काय मिळतं? ते सांगायला लागले आणि मला ते माझ्या कामातनं समजलं. एका काहिलीवरनं गुळव्याला काही कळत नाही. कुठल्या रानाचा ऊस, कुठलं पाणी, काय खत, कधीची तोड, आणि गूळ कसा उतरला, हे दहा-वीस हंगाम बघितल्यावर मग ऊस बघून आधीच सांगता येतं. माणसांचं तसंच असणार. पण त्यात एकानं दुसऱ्याच्या उसाचा रस आपल्या काहिलीत ओतला तर गुळव्या फसला. मी ओतला होता.

वर्षाची नोकरी राहिली. आता हंगामात गुऱ्हाळावरच्या, वीटभट्टीवरच्या माणसांच्या बाटल्या ती अमावस्या धरून, माणूस घरी असेल तेव्हाच घेते. साहेबांनीच तसं ठरवून दिलंय. कुणाच्या घरी "दोन्ही दिल्या बघा" असं म्हणाली बाई, की वर्षा तिला हौसामामीची गोष्ट सांगते आणि एक बाटली परत देते. रिकामी.

आता

इन्सुलिन मी स्वतः टोचतो. मिठाशिवायची भाकरी लागायला लागली की तिला स्वतःची चव असते, हे एवढ्या वयात कळलं. तांबड्या रश्शाची आठवण येते, ती येणार. रविवारी शालन येते, भांडते, जाते. गुऱ्हाळाचा मालक परत आला होता. मी गेलो, चाखलं नाही, नुसतं बोटांत धरून सांगितलं. गूळ चांगला उतरला.

नवीन पेशंटला माझं एवढंच सांगणं आहे. घरच्या बाईवर आपलं शरीर सोपवून मोकळं होऊ नका. ती प्रेमानं सगळं करेल, तुमची उत्तरं देईल, तुमची बाटलीसुद्धा भरेल. पण किडनी तुमची तुमच्यापाशीच राहते. आणि डॉक्टरला सगळं सांगा, गेलेल्या माणसाची लाज राखायला म्हणून काही दडवू नका. गेलेल्या माणसाला त्याची गरज नसते. गरज आपल्याला असते.

ह्या वर्षीचा सर्व्हे गेल्या आठवड्यात झाला. वर्षा ओसरीवर बसली, फॉर्म मांडीवर घेतला. तंबाखू? सोडली. मीठ वरनं घेता का? न्हाई. चालणं? तळ्यापर्यंत. मी सगळं खरं सांगत गेलो आणि ती भराभर लिहीत गेली. मग एका प्रश्नावर तिचं पेन थांबलं. तिनं वाचून दाखवायच्या ऐवजी स्वतःच लिहायला घेतलं.

मी म्हटलं, काय लिवतीस? इचार मला.

ती खालीच बघत म्हणाली, "घरात एकत्र जेवणारी माणसं किती?"

मागच्या वर्षी ह्याचं उत्तर मी दोन दिलं होतं, आणि तिनं न बोलता दोन लिहिलं होतं. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"एक," मी म्हटलं. "एक लिव्ह."

तिनं लिहिलं. मग पिशवीतनं बाटली काढून माझ्यापुढं धरली. लेबलावरचं नाव मी वाचलं, माझंच होतं. बाटली घेतली आणि आत गेलो.